दोन फूट कोरडी जागा

सहा फूट बाय सहा फूट, बारा भोकं, बारा हूक. शॉवर कर्टन रत्नागिरीच्या रामआळीत घ्या नाहीतर फोनवरून मागवा, हे माप सहसा चुकत नाही. सात फुटी उंचीचाही मिळतो, पण मूळ साचा हाच. आणि हा साचा आपल्या कुठल्याच बाथरूमचा नाही, तो अमेरिकेतल्या बाथटबचा आहे. तिथला नेहमीचा टब पाच फूट लांब. त्यावर पडदा थोड्या चुण्या ठेवून सोडायचा, म्हणून सहा फूट. टब गेला, माप तेवढं आपल्याकडे आलं.

लायनरची गोष्ट याहून गमतीदार आहे. लायनर म्हणजे अस्तर. मूळ व्यवस्थेत पडदे दोन असतात. बाहेरचा कापडी, तो टबाच्या बाहेर लोंबतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतो. आतला प्लॅस्टिकचा, तो टबाच्या आत सोडलेला असतो आणि पाणी झेलतो. दोघांच्या मध्ये टबाचा काठ. म्हणजे शोभा काठाच्या अलीकडे, काम काठाच्या पलीकडे. आता आपल्या पाच बाय सातच्या बाथरूममध्ये टबच नाही, तर काठ कुठून येणार? दोन्ही पडदे एकाच फरशीवर, एकाच पाण्यात उभे राहतात, एकमेकांना चिकटतात आणि दोन्ही ओले राहतात. तरीही ऑनलाइन दुकान पडद्याखाली सुचवतंच की सोबत लायनरही घ्या.

काही लायनरच्या खालच्या शिवणीत छोटे लोहचुंबक असतात. ते कशासाठी, हे इथे पाकीट उघडणाऱ्याला कळत नाही, कारण ते लोखंडी टबाला चिकटण्यासाठी आहेत. आपल्या टाइलला ते चिकटत नाहीत. एक-दोन पावसाळ्यांत शिवणीतल्या शिवणीत गंजतात आणि पडद्याच्या काठाला तपकिरी टिपके पाडतात. एखाद्या वस्तूने आपलं मूळ गाव विसरायचं ठरवलं तरी तिच्या शिवणी ते विसरत नाहीत.

इथपर्यंत आलं की एक सोपी समीक्षा तयार असते: परदेशी वस्तू, आंधळं अनुकरण, आपल्या हवेला न मानवणारी चैन. मला ही समीक्षा आळशी वाटते. लोक एवढे भोळे नसतात. ज्या गावात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जिथे जुलै महिन्यात चपलेलाही बुरशी येते, तिथल्या एखाद्या घराने न्हाणीघरात आणखी एक ओली वस्तू टांगायचं ठरवलं, तर त्या घराला काहीतरी हवं असणार. ते काय, हे आधी पाहायला हवं. पडदा चांगला की वाईट हे त्याच्यानंतर.

*

त्यासाठी न्हाणी आठवावी लागेल. कोकणातल्या जुन्या घरात न्हाणी घराच्या मागच्या अंगाला, विहिरीच्या आणि मागीलदाराच्या जवळ असायची. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, कोपऱ्यात चुलाणं, त्यावर पाणी तापवायला तांब्याचा हंडा, बसायला दगड. पाणी भिंतीच्या तळाशी असलेल्या भोकातून बाहेर पडायचं आणि मागच्या अळवाला, केळीला जायचं. तिथे पडदा नव्हता, कारण तिथे ओलं होऊ नये असं काहीच नव्हतं. अख्खी खोलीच ओली होण्यासाठी बांधलेली. आणि ती वाळायचीही. चुलाणाची ऊब होती, कौलांच्या फटीतून वारा होता.

संडास तिथे नव्हता. तो घरापासून लांब, वाडीच्या टोकाला. त्या लांब असण्यामागे स्वच्छतेची कल्पना होती तशीच विटाळाची आणि जातीचीही होती. तो साफ कोण करायचं आणि त्या माणसाला घराच्या किती जवळ येऊ दिलं जायचं, हा त्या अंतराचाच भाग होता. म्हणून न्हाणीविषयी फार हळवं व्हायचं कारण नाही. जपानी लेखक जुनिचिरो तानिझाकी यांनी १९३३ साली ‘इन प्रेझ ऑफ शॅडोज’ या नावाने इंग्रजीत गेलेला निबंध लिहिला. घर बांधताना आधुनिक नळजोडण्या आणि पांढऱ्याशुभ्र टाइल्स जुन्या लाकडी अंधाराचा कसा नाश करतात, याची तक्रार त्यात फार सुंदर केली आहे. निबंध मला आवडतो. पण तो वाचताना दर वेळी वाटतं, त्या अंधारात पाणी कोण भरत होतं? न्हाणीच्या धुरात फुंकणी घेऊन बसणारीला पांढरी टाइल कुरूप वाटली नसती.

मग फ्लॅट आले. संडास घरात आला, आधी न्हाणीच्या शेजारी आणि नंतर तिच्या आत. जागा वाचली, पाइप वाचले, एक दार वाचलं. न्हाणी हा शब्दही गेला, बाथरूम आला. पण तो पूर्ण गेलेला नाही. बांधकामाचा डिप्लोमा करणाऱ्या कुणालाही विचारा, फरशीतल्या जाळीखाली जो पाणी वाहून नेणारा आणि वास अडवणारा सापळा बसवतात, त्याला आजही ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. इंग्रजी पुस्तकांतही. म्हणजे खोलीने नाव टाकलं आणि ते गटाराच्या तोंडाशी जाऊन राहिलं.

न्हाणी आणि संडास यांच्यामधली भिंत पाडली, आणि त्या भिंतीचं काम करायला जे उरलं ते म्हणजे हा बारा हुकांचा पडदा. आंघोळीचं पाणी कमोडवर, बेसिनखालच्या कपाटावर, टॉयलेट पेपरच्या गुंडाळीवर (होमस्टेवाल्यांना ती ठेवावी लागते) उडू नये, एवढंच त्याचं अधिकृत काम. त्याचं खरं काम मात्र वेगळं आहे असं माझं म्हणणं आहे.

*

आपल्या घरात आंघोळीहून कोण कसं बाहेर येतं, हे पाहा. घरातले पुरुष टॉवेल किंवा पंचा गुंडाळून येतात. खोलीत जाऊन, पंख्याखाली, कोरड्या लादीवर सावकाश कपडे घालतात. बाई तशी बाहेर येत नाही. घरात सासरे असतात, दीर असतो, पाहुणे असतात, फ्लॅटवर मैत्रिणींचे मित्र असतात, हॉलमध्ये गॅसवाला उभा असतो. तिला बाथरूमचं दार उघडायच्या आधी पूर्ण कपड्यांत असावं लागतं. म्हणजे कपडे ओल्या खोलीतच घालावे लागतात.

ज्यांनी ते कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. एका पायावर उभं राहायचं. सलवारीचा एक पाय मुठीत गोळा करून धरायचा, म्हणजे काठ फरशीला लागत नाही. ओला पाय त्या गोळ्यातून घालायचा, तो मध्येच चिकटतो. तोल सांभाळायला दुसरा हात नळावर. मग पाय खाली टेकायचा तर खाली पाणी, म्हणून चपलेवर. मग दुसरा पाय. शेवटी एक काठ भिजतोच आणि दिवसभर घोट्याला गार लागतो. साडी तर ओल्या बाथरूममध्ये नेसताच येत नाही. आपल्याकडे गाऊन एवढा लोकप्रिय झाला त्याचं एक कारण हे ओलं बाथरूम असावं असा माझा अंदाज आहे. डोक्यावरून घालता येणारा आणि फरशीला न लागता अंगावर येणारा तोच एक पोशाख.

विशीत ही कसरत विनोदी असते. साठीनंतर ती खुब्याच्या हाडाची गोष्ट होते. एका पायावर, ओल्या गुळगुळीत टाइलवर, दाराला आतून कडी.

पडदा जे देतो ते हे आहे: दाराच्या बाजूला दोन फूट कोरडी जागा. पाणी अडवणं हे साधन झालं. या दोन फुटांत दोन पाय टेकून कपडे घालता येतात, खुंटीवरचा टॉवेल कोरडा राहतो, सॅनिटरी पॅडचं पाकीट भिजत नाही. दुकानात पडदा निवडताना आपण नक्षी पाहतो, रंग पाहतो. पाहायला हवं ते एवढंच की हा पडदा ती दोन फुटं कोरडी ठेवील का, आणि त्यासाठी किती काम मागेल. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या अलेक्झांडर किरा यांनी १९६६ साली ‘द बाथरूम’ या पुस्तकात वर्षानुवर्षांचा अभ्यास मांडला. बाथरूममधल्या वस्तू माणसाच्या शरीराकडे पाहून घडवायला हव्यात, असा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे तो आग्रह शरीराच्या पुढे, कपड्यांपर्यंत न्यायला हवा.

*

सिनेमाने या पडद्याला दुसरंच काम दिलं होतं. हिचकॉकचा ‘सायको’ १९६० सालचा. त्यातला शॉवरचा प्रसंग न पाहिलेल्यांनाही माहीत असतो: अर्धपारदर्शक पडदा, त्यामागे हलणारी सावली, सुरा, व्हायोलिनच्या किंकाळ्या. लोकांच्या लक्षात सुरा राहतो. माझ्या लक्षात हूक राहतात. मरता मरता मॅरियन पडद्याला धरते, तिच्या भाराने पडद्याच्या कड्या एकामागून एक निसटतात आणि ती पडद्यासकट खाली येते. पुढे तोच पडदा तिचं कफन होतो; मोटेलचा मालक तिला त्यात गुंडाळूनच बाहेर नेतो. एकट्या माणसाचा शेवटचा आधार म्हणून प्लॅस्टिकची एक चादर आणि तिच्या क्षुल्लक कड्या. हिचकॉकला त्या वस्तूचा दुबळेपणा नेमका कळला होता.

पण ती भीती एकांताची आहे. दार उघडं, घरात कुणी नाही, आणि पाण्याच्या आवाजात पावलं ऐकू येत नाहीत. आपल्या बाथरूमला एकांताचा प्रश्न कधी पडत नाही. आपली भीती दाराबाहेरून येते आणि तिचे शब्द ठरलेले असतात: ‘अजून किती वेळ?’ आंघोळ हीसुद्धा आपल्याकडे नेहमीच एकट्याने करायची गोष्ट नसते. बाळाला पायांवर आडवं घेऊन न्हाऊ घालणारी बाई, दिवाळीच्या पहाटे तेल-उटणं लावून घ्यायला रांगेत बसलेली पोरं, म्हाताऱ्या आजीला स्टुलावर बसवून पाणी घालणारी सून. सहा फुटी पडद्याच्या आत या सगळ्यांना जागा नाही. त्या दिवशी पडदा सरळ रॉडवर टाकून दिला जातो आणि बाथरूम तासाभरापुरतं पुन्हा न्हाणी होतं. म्हणून जो पडदा पटकन बाजूला जात नाही, वर टाकता येत नाही, तो आपल्या कामाचा नाही. काचेच्या पार्टिशनवर माझा मुख्य आक्षेप हाच आहे. ते दिसतं छान, पण आजीला आत घेऊन बसता येत नाही.

शॉवरखालच्या पडद्याची एक खोड सगळ्यांनी अनुभवली असेल. पाणी सुरू केलं की तो आत ओढला जातो आणि पायाला गार जिभेसारखा चिकटतो. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या डेव्हिड श्मिट यांनी संगणकावर त्याचं गणित मांडलं. फवाऱ्यामुळे हवेत एक आडवा भोवरा तयार होतो, भोवऱ्याच्या मध्यभागी दाब कमी असतो, म्हणून पडदा तिकडे खेचला जातो. या अर्ध्या उत्तराबद्दल त्यांना २००१ सालचा इग नोबेल मिळाला. बादली-मगने आंघोळ करणाऱ्याला हा त्रास होत नाही, कारण तिथे फवारा नाही, म्हणून भोवरा नाही. मात्र मगाचं पाणी गुडघ्यापाशी आपटतं आणि खालून बाहेर जातं. जाहिरातीतला पडदा वरून येणाऱ्या पाण्याचा विचार करतो. रत्नागिरीतल्या बहुतेक घरांत शीळ धरणाचं पाणी ठरलेल्या वेळी येतं, टाकीत चढवावं लागतं, आणि शॉवर असला तरी रोजची आंघोळ बादलीचीच असते. आपल्या पडद्याची परीक्षा त्याच्या खालच्या चार इंचांत होते.

*

तर ते खालचे चार इंच. पडदा फरशीला टेकला तर पाणी अडतं, पण त्याचा काठ कायम ओला राहतो. आठवडाभरात तिथे गुलाबी थर दिसतो, पुढे काळे ठिपके. काळी ती बुरशी. गुलाबी थराला आपण गंज किंवा साबण समजतो, पण ते जिवाणू असतात. २००४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी घरगुती प्लॅस्टिक पडद्यांवरचा हा बुळबुळीत थर तपासला, तेव्हा त्यात स्फिंगोमोनास आणि मेथिलोबॅक्टेरियम या कुळांतले जिवाणू भरपूर सापडले. धडधाकट माणसाने घाबरायचं कारण नाही. घरात केमोथेरपी चालू असलेलं किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेलं कुणी असेल तर मात्र हा थर दिसायच्या आधीच पडदा धुतलेला बरा.

लायनरची सगळी कल्पना अशी की एक आंघोळ झाली, दुसरीपर्यंत प्लॅस्टिक वाळलं. फेब्रुवारीत रत्नागिरीतही ते वाळतं. जुलैत आर्द्रता दिवसेंदिवस नव्वद टक्क्यांच्या आसपास असते, तेव्हा हवा स्वतःच ओली असते, ती दुसऱ्याला काय वाळवणार? आणि दोन पडदे एकमेकांना लागून असतील तर मधल्या फटीत कधीच वारा शिरत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आपल्याकडे लायनर आणि पडदा अशी जोडी नको. एकच थर हवा.

कुठला? पीव्हीसीचा स्वस्त असतो आणि उघडल्यावर जो ‘नवा’ वास येतो तो बऱ्याच अंशी त्याला मऊ करणाऱ्या रसायनांचा असतो. बंद, छोट्या, ओल्या खोलीत तो बरेच दिवस राहतो. पेवा नावाच्या प्लॅस्टिकमध्ये क्लोरीन नसतं, वासही कमी, पण ते पातळ असलं तर भोकांपाशी फाटतं. विणलेल्या पॉलिस्टरचा पडदा थोडा महाग पडतो, एखाद-दुसरा शिंतोडा पाझरू देतो, पण तो वॉशिंग मशीनमध्ये जातो. मला हा शेवटचा गुण बाकी सगळ्यांवर मात करणारा वाटतो. कारण प्लॅस्टिकचा पडदा धुवायचा म्हणजे कुणीतरी उकिडवं बसून, ब्रश घेऊन, फरशीवर पसरून तो घासायचा. ते कुणीतरी कोण, हे सांगायला नकोच. जिला दोन फूट कोरडी जागा हवी होती तिनेच तिचं भाडं अशा श्रमाने भरायचं, हा सौदा मला मंजूर नाही.

पडदा फरशीपासून दोन-तीन बोटं वर ठेवायचा आणि पाणी अडवायचं काम गवंड्याकडे द्यायचं. हल्ली नव्या फ्लॅटमध्ये ओल्या आणि कोरड्या भागाच्या मध्ये ग्रॅनाइटची दीड-दोन इंच उंचीची पट्टी टाकतात. टबाचा हरवलेला काठ तो हाच. तो पडदा आणि हूक मिळून जेवढं करतात त्याहून जास्त करतो. पण ज्या घरात फरशीचा ढाळ जाळीकडे न जाता दाराकडे गेला आहे, तिथे ना पट्टी पुरी पडते ना पडदा. तिथे वायपरच. (पट्टी असेल तर तिचा रंग फरशीहून वेगळा असू द्या. सारख्या रंगाची पट्टी म्हाताऱ्या डोळ्यांना दिसत नाही आणि जे टाळायचं तेच होतं.)

*

हूक ही किरकोळ गोष्ट वाटते, म्हणून ती सगळ्यात वाईट निवडली जाते. पडद्यासोबत फुकट येणाऱ्या ‘सी’ आकाराच्या प्लॅस्टिक कड्या काही दिवसांत ताणून उघड्या पडतात. त्या नकोत म्हणून लोक चकचकीत धातूचे, रॉडवर घरंगळणाऱ्या मण्यांचे हूक घेतात. ते सरकतात छान. पण समुद्रकाठच्या हवेत मीठ असतं, आणि बहुतेकदा त्या मण्यांखाली साधं लोखंड असतं, वर फक्त मुलामा. मुलाम्याला एक सूक्ष्म छिद्र पुरतं. मांडवीला किंवा मिऱ्याला राहणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही, त्यांच्या खिडक्यांच्या गजांनी त्यांना ते केव्हाच शिकवलंय. स्टेनलेस स्टील म्हणून जे मिळतं त्यातही प्रती आहेत. ३०४ घरात चालतं, ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असल्याने ते खाऱ्या हवेला जास्त टिकतं. पाकिटावर नुसतं ‘स्टील’ लिहिलेलं असेल आणि आकडा नसेल, तर ते स्टील आपल्या पावसाळ्यासाठी नाही असं समजावं. भोकांभोवतीच्या धातूच्या रिंगांनाही हाच नियम.

गंजापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न हा की हूक उघडा आहे की बंद. बंद कडी, म्हणजे बटणासारखी टचकन बसणारी, पडदा घट्ट धरते. तो काढायचा तर स्टुलावर चढून, ओल्या बोटांनी बारा वेळा नखं मोडायची. परिणाम असा की पडदा सहा-सहा महिने निघत नाही. उघड्या एस आकाराच्या आकड्यावरून तो मिनिटाभरात उचलता येतो आणि धुऊन तसाच परत टाकता येतो. ओढला तर निसटतो, हे खरं. पण तो कुणाचा आधार व्हावा म्हणून नाहीच. घरात तोल जाणारं माणूस असेल तर भिंतीत पक्का दांडा बसवा, नाहीतर ते पडद्याला धरतील आणि मॅरियनचं जे झालं ते होईल.

भाड्याच्या फ्लॅटवर राहणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे, आणि हे वाचणाऱ्यांतले निम्मे तरी तसे असणार. मालक टाइलला ड्रिल करू देत नाही. मग स्प्रिंगचा, दोन टोकांना रबर असलेला रॉड येतो. रबर आणि टाइल यांच्यात दमट हवेचा पातळ थर बसला की ओल्या पडद्याच्या वजनाने तो घसरतो, बहुतेकदा रात्री, आणि सगळं घर जागं करतो. हलका पडदा, आणि आठवड्यातून एकदा रबर कोरड्या फडक्याने पुसून रॉड पुन्हा आवळणं, एवढ्यावर तो तग धरतो. खिडकीच्या गजापासून दाराच्या चौकटीवरच्या खिळ्यापर्यंत नायलॉनची दोरी हा त्याहून चांगला उपाय आहे. ती इन्स्टाग्रामवर चांगली दिसत नाही.

इन्स्टाग्रामवरून आठवलं. पडद्यांवरच्या चित्रांविषयी एक तक्रार करायची राहिली. सगळ्यात जास्त खपणाऱ्या छापांत एक असतो समुद्राचा: निळं पाणी, पांढरी वाळू, एका बाजूला कललेला माड, वर एखादा डॉल्फिन. गणपतीपुळ्यापासून आरे-वारेपर्यंत होमस्टेच्या बाथरूममध्ये हा पडदा मी इतक्या वेळा पाहिलाय की आता मोजत नाही. बाहेर पन्नास पावलांवर खरा माड आहे, खरा समुद्र आहे, पावसाळ्यात चहाच्या रंगाचा. आत पर्यटकाला हवाई बेटांचा देखावा. यजमानाला दोष देण्यात अर्थ नाही, त्याने दोन-तीनशे रुपयांत जे मिळालं ते घेतलं. पण ज्या कुणी तो छापला त्याच्या मनात समुद्र ही लांबून पाहायची गोष्ट आहे. इथे ती छपरातून, गजांतून आणि हुकांतून रोज घरात शिरते. निदान पांढरा, साधा पडदा घ्या. त्यावर बुरशीचा पहिला ठिपका पहिल्याच दिवशी दिसतो. गडद रंगाचे आणि गच्च नक्षीचे पडदे तो लपवतात, आणि नेमक्या त्याच कारणासाठी घेतले जातात.

*

मराठीत पडद्याच्या आधीपासून एक शब्द आहे: आडोसा. शॉवर कर्टनला आपण प्रतिशब्द शोधत बसतो, पण त्याचं काम सांगणारा शब्द हा आहे. ज्या घरांना न्हाणीची भिंत परवडली नाही त्यांनी विणलेल्या झावळ्यांचा, म्हणजे झापांचा आडोसा केला. दरवर्षी तो पावसात कुजायचा, दरवर्षी नवा करायचा. आता झापं दिसत नाहीत. हापूसच्या बागांमध्ये राखणीला आणि फवारणीला नेपाळमधून आलेली कुटुंबं राहतात, त्यांच्या खोपटाशेजारी चार वाशांची न्हाणी उभी असते, तीन बाजूंना फ्लेक्स. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा, निवडणुकीचा, क्रिकेट स्पर्धेच्या बक्षिसांचा. छापील बाजू कधी आत, कधी बाहेर.

वस्तू म्हणून पाहिलं तर हा फ्लेक्स आपल्या सगळ्या लेखाला उत्तर आहे. पॉलिस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा थर: जे कापड आणि जे अस्तर आपण दोन वेगळ्या पाकिटांत विकत घेतो, ते इथे एकाच पत्र्यासारखं जोडलेलं. काठाला भोकं आधीच पाडलेली, कारण बॅनर टांगायचाच असतो. हूक म्हणून बाइंडिंग वायरचे तुकडे. पाऊस, ऊन, साबण, सगळं सोसून तो बराच काळ निघतो. त्यातल्या मऊ करणाऱ्या रसायनांविषयी मी वर जे लिहिलं ते यालाही लागू आहे, फक्त इथे छप्पर नाही, त्यामुळे वास साठत नाही.

चौथी बाजू मात्र बहुतेक ठिकाणी जुन्या साडीची असते, कारण ती सरकवता येते आणि धुता येते. तिला हूक नसतात, दुमडीतून दोरी ओवलेली असते. आणि आत जाणारीचे कोरडे कपडे आधीच फ्लेक्सच्या वरच्या काठावर, बाहेरच्या बाजूने टाकलेले असतात.